आजोबा बर्मात नव्हते

आमच्या घरात एक गोष्ट कोणीही कधी तपासून न पाहता तीन पिढ्या सांगितली गेली, ती म्हणजे आजोबा दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या आघाडीवर लढले. आजी खंडेनवमीला विळे, खुरपी आणि नांगराचा फाळ यांच्या शेजारी एका पाटावर त्यांची दोन पदके मांडत असे आणि हळदकुंकू वाहून पुन्हा फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवत असे. वर्षानुवर्षे वाहिलेल्या कुंकवाने त्यांच्या फिती इतक्या माखल्या होत्या की मूळ रंग कोणते असतील याचा अंदाजही करता येत नव्हता. आजी गेल्यानंतर ती पुरचुंडी माझ्याकडे आली. आजोबांना नेमकी कोणती पदके मिळायला हवी होती, त्यांपैकी कोणती मिळाली आणि राहिलेली आता मागता येतील का, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात माझी जवळपास दोन वर्षे गेली. अशीच पुरचुंडी घरात असलेली पुष्कळ कुटुंबे सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणात असल्यामुळे हा अनुभव जरा सविस्तर लिहीत आहे.

हातात होते ते एक सहा टोकांचे पिवळट धातूचे पदक, ज्याच्या मधल्या वर्तुळावर ‘१९३९-१९४५ स्टार’ अशी इंग्रजी अक्षरे होती, आणि एक गोल पदक, ज्याच्या मागच्या बाजूस दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असलेला सिंह कोरलेला होता. हे दुसरे म्हणजे ‘वॉर मेडल’. ते त्या युद्धातल्या कोणत्याही पूर्णवेळ सैनिकाला २८ दिवसांच्या सेवेवर मिळत असे, त्यामुळे त्यावरून कोणती आघाडी हे कळत नाही. पहिल्या स्टारसाठी सैन्यातल्या माणसाला सर्वसाधारणपणे सहा महिन्यांची प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातली सेवा लागे, पण ते युद्धक्षेत्र कुठलेही असू शकत होते. दोन्ही पदकांच्या कडा आणि पाठी मी भिंगाखाली पाहिल्या. कुठेही नाव नव्हते आणि नंबरही नव्हता. पहिल्या महायुद्धातल्या पदकांची गोष्ट वेगळी आहे. त्या वेळच्या चांदीच्या ‘ब्रिटिश वॉर मेडल’च्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे, त्यामुळे ज्यांच्याकडे पणजोबांचे असे पदक शिल्लक आहे त्यांचे निम्मे काम कडेवरच झालेले असते. अर्थात चांदी असल्यामुळेच त्यांतली कितीतरी पदके सोनाराच्या मुशीत गेली. आमचे गोल पदक वाचले त्याचे कारण आत्याने सांगितले: एका दुष्काळी वर्षी आजीने ते सोनाराकडे पाठवले होते आणि त्याने कसोटीवर घासून ‘यात चांदी नाही’ म्हणून परत केले होते.

बर्माबद्दल पहिली शंका मला आली ती मात्र द्राक्षांमुळे. आमचे गाव तासगाव तालुक्यातले. गावात द्राक्षांचे मांडव पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा आजोबा बागेत जाऊन बराच वेळ वर पाहत उभे राहिले होते, असे आत्या नेहमी सांगत असे. मी एकदा तिला खोदून विचारले तेव्हा ती म्हणाली, “अगं, आबा म्हणाले होते, असले मांडव मी तिकडं बघितलेत, फक्त तवा पानं झडलेली होती आणि खाली गुडघाभर चिखल होता.” बर्मात द्राक्षांचे मांडव कुठून येणार, हा प्रश्न इतकी वर्षे घरातल्या कोणाला पडला नव्हता आणि मलाही पडला नव्हता, याचे आता आश्चर्य वाटते.

त्यानंतर मी आजोबांचा जुना फोटो बारकाईने पाहिला. लष्करातून सुटून येताना स्टुडिओत काढलेल्या त्या फोटोत छातीवर पदके नाहीत, फितींची एक आडवी पट्टी मात्र आहे. युद्ध संपण्याच्या सुमारास सैनिकांना फिती मिळाल्या होत्या, पण धातूची पदके तयार होऊन हातात पडायला आणखी काही वर्षे गेली, म्हणून १९४६ मध्ये सुटलेल्या माणसाच्या फोटोत फक्त फिती दिसणे हे अगदी स्वाभाविक आहे. फोटो काळा-पांढरा असला तरी फितीवरचे पट्टे मोजता येतात. ‘बर्मा स्टार’च्या फितीत मध्ये रुंद लाल पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि त्या निळ्यात बारीक नारिंगी रेघ असते, तिच्यात पांढरा रंग कुठेच नाही. ‘इटली स्टार’ची फीत इटलीच्या झेंड्याच्या रंगांची, म्हणजे लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल अशी असते. आजोबांच्या पट्टीतल्या दुसऱ्या फितीवर गडद रंगांच्या मध्ये दोन स्वच्छ पांढरे पट्टे होते. फितींचा क्रमही ठरलेला असतो आणि ‘१९३९-४५ स्टार’नंतर आघाडीच्या स्टारची जागा येते, त्यामुळे ती फीत नेमक्या जागेवर होती. तरीही फोटो हा पुरावा होत नाही, फार तर कोणता प्रश्न विचारायचा ते तो सांगतो.

पुरावा म्हणजे कागद, आणि आमच्याकडच्या कागदाची वाळवीने चाळण केलेली होती. डिस्चार्ज सर्टिफिकेटचा जो तुकडा उरला होता त्यावर ‘मराठा लाइट इन्फन्ट्री’ एवढे शब्द आणि ‘सी. एम. एफ.’ असा एक शिक्का वाचता येत होता. त्या बळावर मी बेळगावला रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयास पहिले पत्र पाठवले. त्यात आजोबांचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव, तालुका तासगाव, जिल्हा सांगली अशी सगळी माहिती मोठ्या व्यवस्थितपणे लिहिली. या वर्णनाच्या सैनिकाची नोंद आढळत नाही, असे उत्तर आले. चूक माझीच होती, आणि ती एकच नव्हती.

मी नंबर दिला नव्हता, ही पहिली चूक. फौजेत माणूस नंबराने ओळखला जातो, आणि तोही पलटणीच्या नावासह, कारण तोच नंबर दुसऱ्या रेजिमेंटमधल्या दुसऱ्या माणसाचाही असू शकतो. एकाच आडनावाचे आणि एकाच पाळण्यातल्या नावाचे शेकडो शिपाई ज्या रेजिमेंटमध्ये होते, तिथे नुसत्या नावावर शोध घ्या म्हणणे म्हणजे पंढरपूरच्या वारीत तुळशीमाळ घातलेला माणूस शोधा म्हणण्यासारखे आहे. दुसरी चूक अधिक मजेदार होती. आजोबा भरती झाले तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. तासगाव तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. भरतीच्या वेळी लिहिलेला कागद पुढच्या नामांतराची दखल घेत नाही. हा घोटाळा आमच्यापुरता नाही: आजच्या रायगड जिल्ह्यातला सैनिक त्या कागदांत कुलाबा जिल्ह्याचा असतो, सिंधुदुर्गातला रत्नागिरीचा किंवा सावंतवाडी संस्थानचा असतो, आणि कोल्हापूरकडचा बहुधा संस्थानी प्रजाजन म्हणून नोंदलेला असतो. आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून असे, त्यामुळे शक्य असलेली तीन-चार स्पेलिंगे अर्जात लिहून देणे हा शहाणपणा आहे.

नंबर मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी. आजोबा गेल्यानंतर आजीला महायुद्धातील सैनिकाची विधवा म्हणून राज्य शासनाचे मानधन मिळत असे. त्या अर्जासोबत डिस्चार्ज सर्टिफिकेटची साक्षांकित प्रत जोडलेली असणार, हे माझ्या चुलतभावाच्या लक्षात आले. वाळवी लागण्यापूर्वीची ती प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या फाइलमध्ये खरोखरच होती. घरचे कागद गेले म्हणून हताश झालेल्यांना मी आवर्जून सांगेन की आपल्या माणसाने किंवा त्याच्या पत्नीने सरकारकडे कधी काही मागितले असेल, मग ते मानधन असो, जमीन असो की सवलत असो, तर त्या मागणीच्या फाइलमध्ये मूळ कागदाची प्रत असण्याची शक्यता घरच्या ट्रंकेपेक्षा जास्त असते.

त्या प्रतीत नंबर होता, १९४० मधली भरतीची तारीख होती, १९४६ मधली सुटकेची तारीख होती आणि बटालियन म्हणून ‘१/५’ असे लिहिले होते, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. परदेशातील सेवेच्या रकान्यात ‘पायफोर्स’ आणि ‘सी. एम. एफ.’ अशा दोन नोंदी होत्या. पायफोर्स म्हणजे इराण आणि इराकमधील फौज, आणि सी. एम. एफ. म्हणजे ‘सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स’, म्हणजेच व्यवहारात इटली. पहिली बटालियन आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन इराक आणि सीरियातून सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या दक्षिण टोकाला तारांतो बंदरात उतरली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पूर आलेल्या सांग्रो नदीच्या काठी लढली. सांग्रो नदी आब्रुत्सो प्रांतात आहे, आणि त्या प्रांतात द्राक्षवेली डोक्याच्या वर आडव्या मांडवांवर चढवण्याची जुनी रीत आहे. नोव्हेंबर, झडलेली पाने, चिखल. तो कागद हातात धरून मी आत्याला फोन केला तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही, आणि मग म्हणाली, “मग बर्मा कुणी सांगितलं आपल्याला?”

माझा अंदाज असा की गावातल्या दुसऱ्या कोणाचे तरी बर्मा आमच्या आजोबांना चिकटले. याच रेजिमेंटची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये बर्माच्या आघाडीवरच, मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईत होती, दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये लिबियातले तोब्रुक पडले तेव्हा तिथे सापडली आणि तिचे पुष्कळ जवान युद्धकैदी झाले, तिसरी बटालियन १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर लढली. एकाच तालुक्यातले, एकाच भावकीतले तरुण अशा चार दिशांना गेले आणि परतल्यावर पारावर बसून बोलले. ऐकणाऱ्यांच्या मनात सगळ्या गोष्टींचे एकच युद्ध झाले.

त्याच ओघात घरातल्या आणखी एका समजुतीचा निकाल लागला. आजोबांचे नाव व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकासाठी गेले होते, पण कोणीतरी मध्ये अडवले, असे माझे काका सांगत. शौर्यपदकांची पडताळणी मोहिमेच्या पदकांपेक्षा कितीतरी सोपी असते, कारण शौर्यपदके ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्रात नावानिशी छापली जात आणि त्यांचे जुने अंक आज संगणकावर शोधता येतात, शिवाय लंडनमधल्या क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यू ओ ३७३’ या मालिकेत शिफारशींचे मूळ कागद आहेत आणि त्यांत भारतीय सैनिकही आहेत. आजोबांचे नाव मला कुठेही मिळाले नाही. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्यांच्याच बटालियनमधले शिपाई नामदेव जाधव यांना, ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी, आणि तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांना तो १९४४ च्या जुलैमधील तिबेर खोऱ्यातील लढाईसाठी मरणोत्तर मिळाला. काकांना मी हे सांगितले तेव्हा ते थोडे नाराज झाले. मला मात्र असे वाटते की जी माणसे सहा वर्षे घर सोडून राहिली आणि जिवंत परत आली, त्यांच्या पदरी न मिळालेला क्रॉस बांधण्याची काही गरज नाही.

क्यूच्याच अभिलेखागारात बटालियनच्या युद्धदैनंदिन्या आहेत. इटलीतल्या तुकड्यांच्या ‘डब्ल्यू ओ १७०’ मध्ये आणि मध्यपूर्वेतल्या ‘डब्ल्यू ओ १६९’ मध्ये. त्यांत शिपायांची नावे क्वचितच येतात, पण कोणत्या दिवशी पलटण कोणत्या टेकडीवर होती हे कळते. मराठा सैनिकांच्या इटलीतल्या वास्तव्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट लढाईची नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सजवळच्या मोन्तेगुफोनी नावाच्या जुन्या वाड्यात आठव्या डिव्हिजनचे मराठा जवान मुक्कामाला होते आणि त्याच वाड्यात फ्लॉरेन्सच्या उफित्झी संग्रहालयातली सुरक्षिततेसाठी हलवलेली चित्रे भिंतीला टेकवून ठेवलेली होती. बोत्तिचेल्ली या चित्रकाराचे प्रसिद्ध ‘प्रिमावेरा’ त्यांतच होते. आजोबा त्या दिवशी तिथे होते की नाही याचा कागद नाही, म्हणून मी ते आमच्या कुटुंबाच्या इतिहासात लिहिलेले नाही.

दुसरे पत्र मी नंबर, बटालियन आणि ‘जिल्हा सातारा’ अशी दुरुस्ती करून पाठवले, सोबत आजोबांचा मृत्युदाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडला. या वेळी नोंद सापडली. उत्तर एका पानाचे होते आणि त्या तोटकेपणाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. शिपायाची सविस्तर सेवा त्याच्या ‘शीट रोल’मध्ये असते, पण ज्यांना पेन्शन नाही अशांचे हे कागद २५ वर्षांनंतर नष्ट केले जातात, आणि मग उरतो तो ‘लाँग रोल’, म्हणजे एका माणसाला एक ओळ असे मोठे रजिस्टर. सहा वर्षे नोकरी करून सुटलेल्या आजोबांना पेन्शन नव्हते. तरीही त्या एका ओळीत नंबर, नाव, गाव, भरती, सुटका आणि पदकांचा हक्क एवढे मावलेले होते. पदके चार होती: १९३९-४५ स्टार, इटली स्टार, डिफेन्स मेडल आणि वॉर मेडल.

इटली स्टारचे गणित सरळ आहे. ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात त्या युद्धक्षेत्रात सेवा केलेल्याला तो मिळे. डिफेन्स मेडलने मला थोडे कोड्यात टाकले होते, पण ते आपल्या देशाबाहेर, प्रत्यक्ष लढाई नसलेल्या मुलखात वर्षभर काढलेल्या सैनिकालाही मिळत असे, आणि आजोबांचा इराककडचा काळ त्यात बसला. चुलतभावाचा आग्रह होता की ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ही मागावे. पण ते भारतातच बिनलढाईची तीन वर्षे सेवा केलेल्यांसाठी होते आणि आजोबांची तेवढी वर्षे इथे भरतच नाहीत, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

चारांपैकी दोन हातात, दोन नाहीत. म्हणून दोन मागायची, असे मी गृहीत धरले आणि अर्जाचा मसुदा घेऊन आत्याकडे गेले. आजोबांच्या हयात अपत्यांत तीच थोरली, तेव्हा अर्जदार तीच असणे योग्य होते. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात ‘सदर पदके कुटुंबास कधीही प्राप्त झालेली नाहीत’ असे वाक्य मी लिहिले होते. मी तिला चारही पदकांची चित्रे दाखवली. डिफेन्स मेडलच्या मागच्या बाजूचे चित्र, ज्यात ओकच्या बुंध्यावर मुकुट आहे आणि दोन्ही बाजूंना सिंह आहेत, ते पाहून ती लगेच म्हणाली, “हे होतं की आपल्याकडं. दोन सिंहांचं. तुझा बाप लहान असताना ते गोट्यांच्या डावात हरून आला होता, आणि आबांनी त्याला कधी नव्हे ते मारलं होतं.” एका सिंहाचे आणि दोन सिंहांचे अशी दोन गोल पदके होती, हे तिला पक्के आठवत होते. चांदणीचे मात्र एकच, आणि ते आपल्याकडे आहे.

म्हणजे डिफेन्स मेडल आले होते आणि हरवले होते. न मिळालेले पदक मागणे आणि मिळून हरवलेल्याच्या बदली दुसरे मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतिज्ञापत्रावर चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने सही करायची, तर ते खरे असले पाहिजे. चुलतभाऊ म्हणाला की सत्तर वर्षांपूर्वीच्या गोट्यांच्या डावाची चौकशी करायला कोण येणार आहे. आत्याने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने चहाचा कप उचलला आणि तो अंगणात गेला. मी तो परिच्छेद खोडला आणि अर्ज फक्त इटली स्टारपुरता केला.

पदके बाजारात विकत मिळतात हे मला ठाऊक आहे. जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि संगणकावर खरे इटली स्टार आणि त्यांच्या हुबेहूब नकला दोन्ही विकायला असतात. कोऱ्या पदकावर कोणाचेच नाव नसल्यामुळे विकत घेतलेले पदक आजोबांचे म्हणून चौकटीत बसवले तर कोणाला कळणारही नाही. एखाद्याने कागदांची खात्री झाल्यावर, नक्कल आहे हे स्पष्ट लिहून, तसे केले तर त्यात मला गैर वाटत नाही. पण आधी संच विकत घेऊन मग कागद शोधणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाच्या भिंतीवर एकाच माणसाच्या नावे बर्मा, इटली आणि आफ्रिका असे तिन्ही स्टार लटकत आहेत. आम्हीही तपासले नसते तर आजोबांच्या शेजारी बर्मा स्टार लावून मोकळे झालो असतो.

ज्यांचे नातेवाईक दुसऱ्या पलटणींत होते त्यांच्यासाठी एवढेच लिहिते की १९४७ नंतर जुन्या हिंदी सैन्याची कागदपत्रे रेजिमेंटप्रमाणे दोन देशांत वाटली गेली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सगळे कागद इकडेच राहिले. महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातले सागर, तोफखान्यासाठी नाशिक रोड आणि बॉम्बे सॅपर्स म्हणजे लष्करी अभियंत्यांसाठी खडकी हे पत्ते आहेत. परत न आलेल्यांची चौकशी मात्र कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाच्या यादीपासून सुरू करावी, कारण तिथे नंबर, पलटण आणि बहुतेक वेळा वडिलांचे नाव आणि गावही मिळते. सांग्रो नदीकाठी दहन झालेल्या भारतीय जवानांचे स्मारक वेगळे आहे आणि त्यावरची नावे या यादीत आहेत.

आमचा अर्ज गेल्या महिन्यात पोस्टाने गेला. सही करण्यापूर्वी आत्याने चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून वाचला, पत्त्याच्या रकान्यापाशी थांबली आणि पेन माझ्या हातातून घेऊन तिने स्वतःच्या अक्षरात दुरुस्ती केली: जिल्हा सातारा, हल्ली सांगली.